उन्हात हरवलेला लाल ठिपका



या वेळच्या टपालात डोंबिवली पूर्वेहून एक चार पानी पत्र आलंय. लिहिणारी मुलगी आठवीत आहे. तिच्या मामांचा ग्रिल आणि शेड करून द्यायचा धंदा आहे. मे महिन्यात एका सोसायटीच्या गच्चीवर पत्र्याची शेड घालायचं काम त्यांना मिळालं. पाऊस यायच्या आत उरकायचं म्हणजे घाई आलीच. मामांनी नुकतंच लेझरनं माप घ्यायचं एक छोटं यंत्र विकत घेतलं होतं. बटण दाबलं की समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडतो आणि पडद्यावर अंतर उमटतं. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस नको. आदल्या संध्याकाळी मामांनी हौसेनं घरातल्या सगळ्या खोल्या मोजल्या, अगदी मिलिमीटरपर्यंत बरोबर. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता गच्चीवर गेले, तर ठिपकाच दिसेना! यंत्र दोन-तीन सेकंद विचार करायचं आणि ‘एरर’ दाखवायचं.

मामांनी काय करावं? त्यांच्याकडे कामाला असलेल्या दादाला धारेवर धरलं. “तूच पाडलं असशील!” पगारातून पैसे कापायचीही भाषा झाली. दादा शपथेवर सांगतोय की मी हात लावला नाही. आणि रात्री घरी यंत्र पुन्हा ठणठणीत! आमची मैत्रीण विचारते, “यात दादाची चूक आहे का? आणि नसेल तर मामाला कसं पटवू? तो माझं ऐकत नाही, पण छापून आलेलं ऐकतो.”

मग छापूनच सांगतो. दादाची काहीही चूक नाही. यंत्र पडून बिघडलं असतं, तर ते रात्री घरातही नीट चाललं नसतं. बिघाड यंत्रात नाही, दुपारच्या उन्हात आहे. मामांना हा अंक वाचायला द्या, आणि तुम्हीही वाचा. कारण ज्या अडचणीनं मामांना गच्चीवर गाठलं, तीच अडचण चंद्रावर उतरणाऱ्या यानापुढेही असते.

आधी हे यंत्र मोजतं कसं ते पाहू. प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. ठाण्याहून मुंबई ३४ किलोमीटर धरली, तर जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा सुमारे चार हजारावा भाग पुरे. समोरची भिंत तर दहा-वीस मीटरवर. एक अब्जांश सेकंदात प्रकाश ३० सेंटिमीटर कापतो, म्हणजे मिलिमीटरचा हिशेब ठेवायला साधं घड्याळ कुचकामी. म्हणून हे यंत्र एक युक्ती करतं. ते आपला लेझर सेकंदाला कोट्यवधी वेळा कमी-जास्त करत राहतं. डोळ्याला तो सलग दिसतो, पण खरं तर तो एका ठेक्यात लुकलुकत असतो. भिंतीवरून परतलेल्या प्रकाशाचा ठेका मूळ ठेक्यापेक्षा किती मागे पडलाय, ते यंत्र बघतं. लांबलचक दिंडीत पुढच्या टाळकऱ्याचा टाळ मागच्याला किंचित उशिरा ऐकू येतो ना? किती उशीर झाला त्यावरून दोघांमधलं अंतर काढता येईल. तसंच हे.

आता परत येणारा प्रकाश किती असतो? मामांच्या यंत्रासारख्या यंत्रांचा लेझर एक मिलिवॅटपेक्षा कमी ताकदीचा असतो, म्हणजे वॅटचा हजारावा भाग. तो ठिपका भिंतीवर पडला की तिथून प्रकाश चहूकडे विखुरतो. यंत्राची भिंग समजा २ सेंटिमीटर रुंद आहे आणि भिंत १० मीटरवर आहे. भिंत पांढरीशुभ्र असली, तरी विखुरलेल्या प्रकाशातला फक्त दहा लाखावा भाग त्या भिंगात शिरतो. अंतर २० मीटर केलं तर त्याचाही चौथा भाग.

तुम्ही म्हणाल, मग जोरदार लेझर का नाही लावत? डोळ्यांसाठी! चुकून डोळ्यात गेलाच, तर पापणी मिटेपर्यंतच्या पाव सेकंदात इजा होऊ नये, या हिशेबानं एक मिलिवॅटची मर्यादा घातलेली आहे. (म्हणून काही तो मुद्दाम कुणाच्या डोळ्यात मारायचा नसतो, बरं का. मोटरमनच्या केबिनकडे तर कधीच नाही. जत्रेत मिळणाऱ्या स्वस्त लेझरवर लिहिलेल्या आकड्यावर तर मी मुळीच विश्वास ठेवणार नाही.)

म्हणजे आपला दिवा मोठा करायचा नाही. मग एकच वाट उरली, बाकीचा उजेड कमी करायची.

हा बाकीचा उजेड किती आहे, ते पाटीवर मांडूनच पाहू या. मे महिन्यातल्या भर दुपारी उन्हाकडे तोंड केलेल्या एक चौरस मीटर जागेवर सुमारे १,००० वॅट ऊन पडतं. समजा यंत्राची नजर मोकळी आहे आणि त्याला गच्चीच्या कठड्यावरचं एक मीटर रुंद वर्तुळ दिसतंय. त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ होतं ०.७८५ चौरस मीटर, म्हणजे त्यावर ७८५ वॅट ऊन. आणि त्याच वर्तुळात आपला बिचारा ठिपका, एक मिलिवॅटचा. ऊन आणि लेझर एकाच कठड्यावरून सारखेच विखुरतात, त्यामुळे भिंगात शिरतानाही प्रमाण तेच राहतं. किती? ७ लाख ८५ हजारांना १.

आता डोंबिवलीकरांनी जरा डोळे मिटा. संध्याकाळची वेळ आहे, आई ऑफिसातून येतेय आणि तुम्ही स्टेशनच्या पुलावर तिला शोधताय. गाडी आली, माणसांचा लोंढा वर चढतोय. हजार चेहऱ्यांतून एक चेहरा कसा सापडतो? आईनं सकाळीच सांगून ठेवलेलं असतं, “कल्याणच्या बाजूच्या जिन्यानं येईन.” म्हणजे नजर एकाच जिन्यावर. तिनं पिवळी साडी नेसलीय हे तुम्हाला माहीत असतं, त्यामुळे निळे-पांढरे शर्ट डोळ्यांना दिसूनही दिसत नाहीत. ती कुठल्या गाडीनं येते तेही ठाऊक असतं, म्हणून त्याआधीच्या लोंढ्याकडे तुम्ही बघतच नाही. आणि तरीही चुकामूक व्हायला नको म्हणून ती मिटलेली छत्री वर धरून हलवत येते. जागा, रंग, वेळ आणि हलवायची खूण. उन्हातून लेझर शोधणारे शास्त्रज्ञही याच चार गोष्टी वापरतात.

जागेपासून सुरुवात करू. भिंगामागे प्रकाश टिपणारा तुकडा अगदी बारीक ठेवला आणि भिंगापुढे आतून काळी केलेली नळी लावली, तर यंत्राला फक्त ठिपक्याभोवतीची इवलीशी जागा दिसते. समजा १० मीटरवर २ सेंटिमीटर रुंद वर्तुळ. एक मीटर रुंद वर्तुळाच्या ते २,५०० पट लहान! ७८५ वॅटचं झालं ०.३१४ वॅट. एका फटक्यात केवढी सुटका. नळी आतून काळी का? कारण बाजूनं तिरकं आलेलं ऊन चकचकीत नळीत उड्या मारत मारत शेवटी आत पोचतंच. मोठ्या दुर्बिणींच्या नळीत तर काळ्या कड्या बसवतात, तिरका किरण त्यांना अडावा म्हणून.

नळीवरून आठवलं. कल्याणच्या जुन्या वाड्यांतून एक गोष्ट सांगत, तुमच्याही आजोबांनी सांगितली असेल, की खोल विहिरीच्या तळातून दिवसाही तारे दिसतात. ते खरं नाही. विहीर बाजूचा उजेड अडवते हे कबूल. पण तारा आणि आपण यांच्या मध्ये जी हवा आहे, तीच उन्हानं निळी उजळलेली असते, आणि तो उजेड ताऱ्याच्याच दिशेनं आपल्याकडे येतो. त्याला विहीर काय करणार? आपल्या ०.३१४ वॅटचंही तेच आहे. ते ऊन ठिपक्याच्याच जागेवर पडलेलं आहे. नळी कितीही लांब करा, ते आत येणारच.

म्हणून दुसरी खूण, रंग. सूर्याच्या प्रकाशात सगळे रंग असतात. लेझरचा प्रकाश मात्र जवळजवळ एकाच रंगाचा, इथे समजा ६५० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा लाल. भिंगामागे फक्त तोच लाल सोडणारी काच बसवली की बाकीचं ऊन बाहेर. लाल जिलेटिन पेपर यासाठी फार ढोबळ पडतो, तो लाल, नारिंगी आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त, सगळ्यांनाच आत घेतो. शास्त्रज्ञ काचेवर अतिशय पातळ थरांवर थर चढवतात, एकेक थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका. पावसाळ्यात रिक्षा स्टँडजवळच्या डबक्यावर तेलाचा तवंग पाहिलाय ना, इंद्रधनुष्यासारखा? तिथे तेलाच्या पातळ थराच्या वरून आणि खालून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, काही रंग जोर धरतात, काही मावळतात. काचेवर असे कितीतरी थर मोजून-मापून चढवले, की हव्या त्या रंगाची अरुंद खिडकी तयार होते. ही खिडकी २० नॅनोमीटर रुंद ठेवली, तर उन्हाचा साधारण चाळिसावा भागच आत येतो. ०.३१४ वॅटचे झाले सुमारे ८ मिलिवॅट. लेझर एक, ऊन आठ! पावणेआठ लाखांवरून आठवर आलो.

मग खिडकी आणखी अरुंद का करू नये? एक नॅनोमीटरची केली तर ऊन आणखी वीस पटींनी कमी होईल की! चांगली शंका आहे, आणि या विषयातली खरी गंमत इथेच आहे. पहिली अडचण तापमानाची. या यंत्रातला लेझर तापला की त्याचा रंग किंचित सरकतो, दर अंशाला सुमारे ०.२ नॅनोमीटर. सावलीतून काढून मे महिन्याच्या उन्हात ठेवलेलं यंत्र २५ अंशांनी तापलं, तर रंग ५ नॅनोमीटर सरकला. खिडकी एक नॅनोमीटरची असती, तर लेझरच बाहेर राहिला असता आणि ऊन तेवढं आत आलं असतं. दुसरी अडचण तिरकेपणाची. तवंगाकडे वाकून, बाजूनं बघितलं की रंग बदलतात, हे तुम्ही करून पाहा. या काचेचंही तसंच. किरण तिरका शिरला की तिची खिडकी निळ्याच्या बाजूला सरकते. म्हणजे अरुंद खिडकी हवी असेल, तर किरण जवळजवळ सरळच आले पाहिजेत आणि लेझरचं तापमानही सांभाळलं पाहिजे. हे सगळं करता येतं, पण मग यंत्र मामांच्या खिशात मावणार नाही आणि त्यांच्या बजेटमध्ये तर नाहीच.

रंग निवडण्यातही हुशारी आहे. हवेतली पाण्याची वाफ उन्हातला ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाश बराचसा गिळून टाकते. त्या रंगाचं ऊन जमिनीपर्यंत कमी पोचतं. म्हणून जवळची अंतरं मोजणाऱ्या, मोबाईल फोनमध्ये असतात तशा कितीतरी लहान यंत्रांमध्ये मुद्दाम ९४० नॅनोमीटरचाच लेझर वापरतात. जिथे गर्दी कमी तिथे उभं राहायचं, झालं! आपल्या कोकणपट्टीतली दमट हवा एरवी घामानं जीव नकोसा करते, इथे मात्र ती मदतीला येते.

आता उरलेल्या आठास एकाचं काय? इथे आईची हलणारी छत्री कामाला येते. लेझर लुकलुकतो, ऊन लुकलुकत नाही. त्यामुळे यंत्रातल्या विजेच्या मंडलाला सांगायचं, जे सलग येतंय ते सोडून दे, जे आपल्या ठेक्यात हलतंय तेवढंच घे. ऊन वजा झालं, प्रश्न सुटला!

थांबा, इतक्यात नाही. वजा करता येत असेल, तर मग त्या नळ्या आणि काचा हव्यातच कशाला? लाखो पट ऊनही वजा करून टाकू की!

याचं उत्तर पत्र्यावर पडणाऱ्या पावसात आहे. जुलैतला एकसारखा पाऊस पडत असताना पत्र्याखाली उभे राहा. आवाज सलग वाटतो. पण पत्र्याचा एक लहान चौकोन आखून त्यावर सेकंदाला किती थेंब पडतात ते मोजलं, तर कधी १०० येतील, कधी ९१, कधी १०८. पाऊस तोच, तरी मोजणी डोलते. प्रकाशही असाच कणाकणानं येतो, त्या कणांना फोटॉन म्हणतात. ऊन कितीही स्थिर असलं, तरी त्यातल्या फोटॉनांची संख्या डोलतेच. किती, याचा एक सुरेख नियम आहे. सरासरी संख्येचं वर्गमूळ काढा, साधारण तेवढी. १०० असतील तर १० नं डोलते, १०,००० असतील तर १०० नं.

आता समजा लेझरचे १०० फोटॉन आले आणि त्याच वेळात उन्हाचे १०,०००. उन्हाची सरासरी तुम्ही वजा केलीत, पण त्याचं डोलणंच १००! उरलेले १०० लेझरचे की उन्हाच्या लहरीचे, कसं ओळखणार? नळी आणि काच लावून उन्हाचे १०,००० चे ४०० केले, तर डोलणं उरतं २० च्या आसपास. आता लेझरचे १०० ठळकपणे वर येतात. म्हणून उजेड आत शिरायच्या आधीच अडवायचा असतो. आत आल्यावर तो वजा होतो, पण त्याची धांदल मागे राहते. शिवाय फारच ऊन आत आलं, तर प्रकाश टिपणारा तुकडा दिपूनच जातो, उन्हातून अंधाऱ्या खोलीत आल्यावर आपल्याला काही दिसत नाही तसा. मग वजाबाकी कोण करणार?

वर्गमूळाचा तो नियम आपल्याला एक मदतही करतो. मोजणी शंभर वेळा करून बेरीज केली, तर लेझरचे फोटॉन शंभर पट होतात, उन्हाचं डोलणं मात्र दहा पटच वाढतं. म्हणून ऊन असलं की यंत्र जास्त वेळ घेतं. मामांचं यंत्र गच्चीवर ‘दोन-तीन सेकंद विचार करायचं’ असं पत्रात लिहिलंय ना? ते विचार करत नव्हतं, पुन्हा पुन्हा मोजत होतं. तेवढ्यानंही ठेका सापडला नाही, तेव्हा त्यानं प्रामाणिकपणे ‘एरर’ दाखवलं. मला विचाराल तर हा त्या यंत्राचा मोठा गुण आहे. चुकीचा आकडा दाखवलं असतं, तर मामांनी त्यावर भरवसा ठेवून पत्रे कापले असते.

तर मामा, आता तुमच्यासाठी. गच्चीचं माप सकाळी सूर्य वर यायच्या आत घ्या, नाहीतर संध्याकाळी. दुपारीच घ्यायचं असेल, तर समोरच्या टोकाला आपल्या दादाला एक पांढरा पुठ्ठा धरून उभं करा, पुठ्ठ्याचं तोंड सावलीत राहील असं. पुठ्ठा कठड्याला टेकवायला सांगा, नाहीतर तेवढं माप कमी भरेल. काळपट, शेवाळलेला कठडा लाल प्रकाश गिळतो, पुठ्ठा तो परत पाठवतो. काही यंत्रांबरोबर लाल चष्मा मिळतो. तो ठिपका तुम्हाला दिसावा म्हणून असतो, यंत्राला त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि लांबचं माप असेल तर टेप आहेच की. दादाचा पगार मात्र कापू नका.

हाच खेळ मोठ्या प्रमाणावर कुठे कुठे चालतो, ते आता बघू. घोडबंदर रस्त्यावर मेट्रोचं काम चालू असताना तिपाईवर यंत्र लावून त्यातून बघणारे सर्वेक्षक ठाणेकरांनी पाहिले असतील. त्यांचा जोडीदार लांबवर एक काठी धरून उभा असतो आणि काठीच्या टोकाला काचेचा लोलक असतो. हा लोलक तीन आरशांच्या कोपऱ्यासारखा. त्यावर कुठूनही प्रकाश पडला, तरी तो आल्या वाटेनंच परत जातो, भिंतीसारखा चहूकडे उधळत नाही. त्यामुळे भर उन्हातही परतीचा प्रकाश भरपूर मिळतो.

पुण्याला पाषाण भागात भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था आहे. तिथे १९८० च्या दशकात शास्त्रज्ञांनी हिरव्या लेझरचा झोत आकाशात सोडून हवेतल्या धूलिकणांचा अभ्यास सुरू केला. तिथे तर भिंतही नाही, लोलकही नाही, हवेतल्या कणांवरून जे काही परत येईल तेवढंच. मग त्यांनी उन्हाशी झगडा करण्यापेक्षा सोपा मार्ग धरला. सूर्य मावळल्यावर निरीक्षणं घ्यायची!

चंद्रावर उतरणाऱ्या यानाला मात्र सूर्य मावळायची वाट बघता येत नाही. २२ ऑक्टोबर २००८ रोजी निघालेल्या चांद्रयान-१ वर लेझरनं अंतर मोजणारं एक उपकरण होतं. सुमारे १०० किलोमीटर उंचीवरून ते सेकंदाला दहा वेळा १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त झोत खाली सोडायचं आणि परतलेल्या प्रकाशावरून चंद्रावरच्या डोंगर-दऱ्यांची उंची काढायची. १०० किलोमीटर जाऊन यायला प्रकाशाला सेकंदाचा सुमारे पंधराशेवा भाग लागतो. आईची गाडी कुठली, ही खूण इथे उपयोगी पडते. झोत सोडला की तो कधी परतेल याचा अंदाज असतो, म्हणून अशा उपकरणांत तेवढ्याच क्षणांपुरतं दार उघडता येतं. दार बंद असताना आलेलं ऊन हिशेबातच धरायचं नाही.

२३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी विक्रम खाली उतरत होता तेव्हा तुमच्यापैकी बरेच जण टीव्हीसमोर श्वास रोखून बसले असतील. इथे संध्याकाळ होती, पण विक्रमखाली चंद्रावर सकाळ होती. विक्रमची वीज उन्हावर चालणार होती, म्हणून चंद्रावरचा दिवस नुकता उजाडलेला असतानाच तो उतरवला, पुढचे १४ दिवस काम करता यावं म्हणून. म्हणजे उतरायचं उन्हात, खालच्या जमिनीवर ऊन, आणि उंची मात्र नेमकी कळायला हवी. ती चुकली तर इंजिन कधी आवरायचं तेही चुकणार. तिथे ‘एरर’ आला म्हणून संध्याकाळी पुन्हा माप घेऊ, असं म्हणायची सोय नाही. विक्रमवर उंची मोजायला लेझरचं उपकरण होतं, आणि शिवाय रेडिओलहरींचंही एक. रेडिओलहरींना उन्हाचा असा त्रास होत नाही. मला ही दुहेरी तजवीज फार आवडते.

विक्रमच्या अंगावर सर्वेक्षकाच्या काठीवर असतात तसे लोलकही आहेत. ५ सेंटिमीटर रुंदीची एक घुमटी, तिच्यात आठ लोलक, अमेरिकेच्या ‘नासा’नं दिलेले. १२ डिसेंबर २०२३ रोजी चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानानं १०० किलोमीटरवरून त्यावर लेझर सोडला आणि परतीचा प्रकाश त्याला मिळाला. विक्रमचं काम थांबून तेव्हा तीन महिने झाले होते. लोलकाला वीज लागत नाही ना!

आता तुमच्यासाठी प्रयोग. लेझर नको, घरातला सेट-टॉप बॉक्स किंवा एसीचा रिमोट पुरे. (काही नव्या टीव्हींचे रिमोट रेडिओलहरींवर चालतात, ते इथे चालणार नाहीत. मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघताना बटण दाबल्यावर रिमोटच्या टोकाचा दिवा जांभळट लुकलुकला, तर तो आपल्या कामाचा. पुढच्या कॅमेऱ्यातून बहुधा नीट दिसतं.) रिमोटचा अवरक्त प्रकाश सेकंदाला साधारण ३८,००० वेळा लुकलुकतो, आणि बॉक्सच्या डोळ्यावर काळपट प्लॅस्टिक असतं, दिसणारा उजेड अडवून अवरक्त तेवढा आत सोडणारं. म्हणजे रंग आणि छत्री, दोन्ही खुणा इथे आहेत.

रिमोट ठरावीक जागी धरा. त्याच्या टोकावर साध्या वहीच्या कागदाचा एकेक थर गुंडाळत जा आणि बटण दाबत राहा. किती थरांनंतर तो चालेनासा होतो, ते लिहून ठेवा. मग छोट्या आरशानं बाजूच्या खिडकीतल्या उन्हाचा कवडसा बॉक्सच्या त्या काळपट डोळ्यावर पाडा, आणि पुन्हा थर मोजा. कवडसा कुणाच्या तोंडावर जाणार नाही एवढं बघा. तिसऱ्या वेळी त्या डोळ्यावर आतून काळी केलेली पुठ्ठ्याची नळी लावा, रिमोट तिच्या सरळ समोर आणि कवडसा बाजूनं. पुन्हा मोजा. प्रत्येक प्रकार निदान पाच वेळा करा आणि सरासरी काढा. का, ते पत्र्यावरच्या पावसानं सांगितलंच आहे.

तिन्ही आकडे, किती वाजता प्रयोग केलात ते, आणि नळी किती लांब होती ते आम्हाला लिहून पाठवा. आणि हे एक कोडं. कवडशाऐवजी एलईडी टॉर्चचा झगझगीत पांढरा झोत त्या डोळ्यावर टाकला, तर थरांची संख्या कवडशाच्या वेळी कमी झाली तेवढीच कमी होईल का? आधी अंदाज लिहा, मग करून बघा.